शेहेचाळिसाव्या चालीतलं प्यादं

आमच्या बुद्धिबळ क्लबात दर शनिवारी संध्याकाळी, त्या आठवड्यात खेळलेला एखादा डाव सगळ्यांसमोर मांडायची पद्धत आहे. बहुतेक वेळा हरलेला डाव घेतो, कारण वजीर फुकट गेला की चूक कुठे झाली हे सगळ्यांनाच दिसतं. हा डाव मात्र बरोबरीत सुटला होता. कोणाचं मोहरं फुकट गेलं नव्हतं, कोणी मात चुकवली नव्हती. तरीही गेल्या दोन-तीन वर्षांत मला सर्वांत जास्त विचार करायला लावलेला डाव हाच, म्हणून तो सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पांढऱ्याकडून आमचे काका. बँकेतून निवृत्त, रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) सोळाशेच्या आसपास, क्लबात सर्वांत आधी येऊन पट मांडणारे. काळ्याकडून नववीतला एक मुलगा, रेटिंग पंधराशेच्या थोडं वर. दोघांचीही नावं देत नाही, पण लिहायला दोघांनीही आनंदाने होकार दिला आहे. क्लबांतर्गत स्पर्धेची पाचवी फेरी होती. प्रत्येकाला साठ मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद जादा.

या तीस सेकंदांमुळे एक फायदा झाला. चालीमागे तीस सेकंद किंवा अधिक मिळत असतील, तर घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली तरी खेळाडूला चाली लिहाव्याच लागतात. त्यामुळे दोघांचे कागद शेवटपर्यंत पूर्ण आहेत. काका मराठीत लिहितात: हत्तीला ह, राजाला रा, घोड्याला घ. नियमाने प्रत्येकाला आपल्या भाषेतलं मोहऱ्याचं आद्याक्षर वापरता येतं, आणि काकांनी ती मुभा आयुष्यभर घेतली आहे. मीही इथे तसंच लिहितो. ए ते एच ही उभ्या रांगांची नावं, एक ते आठ हे पांढऱ्याकडून मोजलेल्या आडव्या रांगांचे आकडे, × म्हणजे मोहरं मारणं, आणि आकड्यानंतरचे तीन ठिपके म्हणजे काळ्याची चाल.

सुरुवातीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. राजापुढचं प्यादं, घोडे, सी४ आणि सी५ वर उंट, आणि चौथ्या चालीला काकांनी डी३ खेळून इटालियन पद्धतीतला शांत मार्ग धरला. हे डी३ वरचं प्यादं लक्षात ठेवा. तेविसाव्या चालीला मुलाला घोड्याचा दुहेरी मारा दिसला नाही आणि त्याचं एक प्यादं गेलं. त्यानंतर काकांनी नेटाने एकेक मोहरं बदलत नेलं. चाळिशीपर्यंत वजीर गेले, घोडे-उंट गेले, राजाच्या बाजूची प्यादीही आपापसांत कटली. पंचेचाळीस चाली झाल्या तेव्हा पटावर पाचच सोंगट्या होत्या.

पांढरा: राजा सी३, हत्ती ए५, प्यादं डी३.
काळा: राजा ई६, हत्ती डी८.
चाल पांढऱ्याची.

चौथ्या चालीला डी३ वर बसलेलं प्यादं अजून तिथेच होतं. आजूबाजूचं सगळं रान उठून गेलं, हे मात्र जागचं हललं नाही.

काकांच्या घड्याळात सहा मिनिटं होती, मुलाच्या घड्याळात चौदा. मुलाने नुकताच हत्ती डी८ वर आणून प्याद्यावर डोळा ठेवला होता. प्यादं राजाच्या राखणीत होतं, त्यामुळे धोका काहीच नव्हता. काकांनी जवळजवळ लगेच ४६. डी४ खेळलं. मी शेजारच्या पटाजवळ उभा होतो. प्यादं उचललं, पुढच्या घरात ठेवलं, घड्याळ दाबलं, कागदावर लिहिलं. सगळं मिळून दहा सेकंदही गेले नसतील. नंतर विचारलं तेव्हा काका म्हणाले, "मोकळं प्यादं होतं, पुढे ढकललं. त्यात काय विचार करायचा?"

पुढे असं झालं. ४६... हडी६. ए६ वरून येणारा शह बंद करायला ही चाल समजूतदार होती. ४७. रासी४ राई७. मुलगा राजाला प्याद्याच्या वाटेवर घेऊन चालला होता. आता काका पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकले. साडेतीन मिनिटं विचार केला आणि ४८. हडी५ खेळून हत्तींची अदलाबदल पुढे केली.

ही चाल खेळताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ते मला पूर्ण समजतं. क्लबात येणाऱ्या प्रत्येकाला आपण पहिल्या महिन्यात शिकवतो: प्यादं जास्त असेल तर मोहरे बदला, प्यादी बदलू नका. शिवाय दुसरं एक वाक्य काकांच्या मनात होतं, ते त्यांनी नंतर सांगितलं: "राजा प्याद्याच्या पुढे असला की प्यादं पोचतं." अदलाबदल झाल्यावर त्यांचा राजा डी५ वर येणार होता आणि प्यादं डी४ वर, म्हणजे राजा प्याद्याच्या पुढेच.

मुलाने हत्ती घेतला. ४८... ह×डी५ ४९. रा×डी५ राडी७.

आणि काकांचा हात थांबला.

दोन्ही राजे एका घराचं अंतर ठेवून समोरासमोर, डी५ आणि डी७ वर, आणि चाल पांढऱ्याची. याला आमच्याकडे सगळे ऑपोझिशनच म्हणतात. ज्याच्यावर चाल आली त्याला बाजूला सरकावं लागतं, आणि इथे ती वेळ काकांवर आली. काळ्याकडे ४९... राडी७ शिवाय डाव वाचवणारी दुसरी चाल नव्हती. राजा डी८ वर गेला असता तर पांढरा राजा डी६ वर येऊन बसला असता आणि डाव संपला असता. पण ती एकच चाल मुलाने शोधली.

काका प्रामाणिकपणे शेवटपर्यंत खेळले. ५०. रासी५ रासी७ ५१. डी५ राडी७ ५२. डी६. या ठिकाणी मुलाने चार मिनिटं घेतली. त्याचा हात एकदा ई८ च्या दिशेने गेला आणि राजाला स्पर्श होण्याआधीच मागे आला. स्पर्श झाला असता तर राजा हलवावाच लागला असता. तरी डी८, सी८ आणि ई८ ही तिन्ही घरं मोकळी होती, त्यामुळे निवड त्याचीच राहिली असती. तो पटाकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होता.

बरोबर चाल एकच: राजा सरळ मागे, डी८. तेच ई८ वर गेला तर ५३. रासी६ राडी८ ५४. डी७, आणि प्यादं सातव्या रांगेत शह न देता येतं. काळ्याला ई७ वर जावंच लागतं, पांढरा राजा सी७ वर येतो आणि वजीर होतो. सी८ वर गेला तरी तीच गत. राजा सरळ मागे गेला तर ५३. रासी६ रासी८ ५४. डी७, पण आता हे प्यादं शह देत आलेलं असतं. राजा डी८ वर येतो आणि पांढऱ्याकडे दोनच पर्याय उरतात: प्यादं सोडायचं, किंवा डी६ वर जाऊन स्टेलमेट करायचं, म्हणजे काळ्याला शह नाही पण हलायलाही जागा नाही, आणि डाव बरोबरीत. अशा स्थितीत प्यादं सातव्या रांगेत शह देत आलं तर बरोबरी, शह न देता आलं तर विजय, हे ज्याच्या बोटांत बसलं त्याला इथे चार मिनिटं लागत नाहीत. मुलाला लागली, पण त्याने डी८ खेळलं. पंचावन्नाव्या चालीला काकांनी राजा डी६ वर ठेवला, स्टेलमेट झालं आणि त्यांनी हात पुढे केला.

"छान वाचवलास रे," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "काका, मला वाटलं मी हरलोच."

आता मूळ प्रश्न. जिंकलं तर एक गुण, बरोबरीला अर्धा. मग काकांचा अर्धा गुण कुठे गेला? हॉलमधल्या सगळ्यांचं मत होतं ४८. हडी५ मध्ये. हत्ती बदलायला नको होते, हा सूर. मीही आधी तेच म्हणालो. घरी जाऊन पट मांडला आणि मग लक्षात आलं की आपण भलत्याच चालीवर बोट ठेवतो आहोत.

तीच अदलाबदल मनाशी पुन्हा करून बघा, फक्त प्यादं डी४ ऐवजी डी३ वर ठेवा. पांढरा राजा सी४, हत्ती पाचव्या रांगेत, काळा राजा ई७, हत्ती डी६. ४८. हडी५ ह×डी५ ४९. रा×डी५ राडी७. राजे तसेच समोरासमोर, चाल पांढऱ्याचीच. पण आता काका ५०. डी४ खेळतात. राजा जागचा हलत नाही, चाल मात्र काळ्यावर येते. काळ्या राजाला बाजूला व्हावंच लागतं. तो ई७ वर गेला तर पांढरा राजा सी६ वर, सी७ वर गेला तर ई६ वर. तिथून प्यादं पोचतंच, त्यात शोधायचं काही उरत नाही.

म्हणजे जी डी४ शेहेचाळिसाव्या चालीला दहा सेकंदांत खेळली गेली, तीच चार चालींनंतर डाव जिंकून देत होती. काकांनी ती आधी वापरली आणि हवी होती तेव्हा ती हाताशी नव्हती. दुकानदाराने सकाळीच सगळे सुट्टे पैसे देऊन टाकावेत आणि दुपारी गिऱ्हाईक पाचशेची नोट घेऊन उभं राहावं, तसं.

या मागचं गणित फार सोपं आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. एकटा राजा आणि प्यादं विरुद्ध एकटा राजा, या स्थितीत प्रत्येक प्याद्याची काही मोक्याची घरं असतात. पांढरा राजा त्यांपैकी एकावर पोचला की चाल कोणाची आहे याने फरक पडत नाही, प्यादं वजीर होतं. कडेची प्यादी सोडली तर आपल्याच अर्ध्या पटावर असलेल्या प्याद्यासाठी, म्हणजे चौथ्या रांगेपर्यंत, अशी तीन घरं प्याद्याच्या दोन रांगा पुढे असतात. प्यादं डी३ वर असेल तर सी५, डी५, ई५. प्यादं डी४ वर असेल तर सी६, डी६, ई६. आता बघा: काकांचा राजा डी५ वर येणार हे ठरलेलंच होतं. प्यादं डी३ वर असताना डी५ हे मोक्याचं घर. प्यादं डी४ वर गेल्यावर मोक्याची घरं एक रांग वर सरकली आणि डी५ हे साधं घर झालं. प्यादं एक पाऊल पुढे गेलं आणि विजयही एक पाऊल पुढे गेला. राजाला तो गाठता आला नाही.

काकांना आठवलेलं वाक्य चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. राजा प्याद्याच्या पुढे हवा हे खरं, पण एक घर पुढे असेल तर ऑपोझिशनही आपल्याकडे लागतं, दोन घरं पुढे असेल तर लागत नाही. नियमाचा पहिला भाग पन्नास वर्षं पाठ राहिला आणि दुसरा कधीतरी गळून पडला. क्लबपातळीवरच्या किती चुका अशा असतात! नियम माहीत नसतो म्हणून आपण चुकत नाही. तो अर्धा माहीत असतो आणि त्यावर पूर्ण विश्वास असतो.

याच डावातली आणखी एक बारीक गोष्ट मला शनिवारी पट मांडताना दिसली. प्यादं डी४ वरच आहे असं धरा, पण काळा राजा ई७ ऐवजी डी७ वर आहे. आता हडी५ केलं, काळ्याने घेतलं, रा×डी५ झालं. राजे समोरासमोर आहेत, पण चाल काळ्याची, आणि काळा हरतो. म्हणजे ४८ व्या चालीलाही प्रश्न "हत्ती बदलू का?" असा नव्हताच. "बदलल्यावर चाल कोणाची असेल आणि राजे कुठे असतील?" असा होता. साडेतीन मिनिटांत काकांनी हे मोजलं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मोजलं की. माझा राजा पुढे आहे, एवढं मोजलं."

इथे एक गोष्ट न लपवता सांगायला हवी. प्यादं डी३ वर ठेवलं असतं तरी सिद्धांताने डाव बरोबरीचाच होता. हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध हत्ती, आणि काळा राजा प्याद्याच्या वाटेत: पाच सोंगट्यांच्या अशा स्थिती संगणकाने कधीच पूर्ण सोडवल्या आहेत, आणि ही त्याने बरोबरी ठरवली. काळ्याला हत्ती बदलायची सक्ती नव्हती. हत्ती सहाव्या रांगेत ठेवायचा, राजा प्याद्यासमोर सातव्या-आठव्या रांगेत ठेवायचा, प्यादं सहाव्या रांगेत आलं की हत्ती खाली नेऊन मागून शह देत राहायचं. अठराव्या शतकातल्या फिलिडोरच्या नावाने ही बचावपद्धत ओळखली जाते. फ्रान्सचा हा माणूस संगीतकारही होता, ऑपेरा लिहायचा, आणि प्याद्यांच्या मांडणीचा इतका बारकाईने विचार त्याच्याआधी फारसा कोणी केला नव्हता. ही पद्धत ज्याला येते तो डाव वाचवतो.

पण क्लबातला डाव सिद्धांताशी नसतो, समोरच्या माणसाशी असतो. म्हणून मी मुलाला विचारलं: प्यादं डी३ वर असतं आणि काकांनी हडी५ केलं असतं, तर तू काय केलं असतंस? तो लगेच म्हणाला, "घेतला असता. मी तर हत्ती बदलायचीच वाट बघत होतो. हत्तीच्या एंडगेमची मला भीती वाटते, राजा-प्याद्याचं मी ॲपवर पुष्कळ सोडवलंय." आणि राई७ का? प्यादं डी४ वर आलंय म्हणून आता अदलाबदल चालेल, असं काही मोजलं होतंस का? "नाही," तो म्हणाला. "प्यादं पुढे आलं की राजा त्याच्यासमोर न्यायचा, एवढंच."

म्हणजे दोघांनाही कळलं नव्हतं. शेहेचाळिसाव्या चालीला पटावर अर्धा गुण इकडून तिकडे गेला आणि ते दोघांपैकी एकालाही जाणवलं नाही, बघणाऱ्या आम्हा चार जणांनाही नाही. मला या डावातलं हेच फार मोलाचं वाटतं. वजीर गेला तर आवाज होतो. असं एखादं घर गेलं तर होत नाही.

मग काकांनी त्या क्षणी काय करायला हवं होतं? मला वाटतं, काही विशेष नाही. ४६. रासी४. डी३ वरचं प्यादं तिथूनही राजाच्या राखणीत राहतं. पुढे हत्ती पाचव्या रांगेत इकडून तिकडे, ए५ वरून एच५ वर, आणि मुलाचा राजा कुठे जातो ते बघायचं. राजा आणि हत्ती चुकीच्या घरात गेले तर परत येतात, प्यादं येत नाही. त्यामुळे घड्याळातली उरलेली मिनिटं खर्च करायची जागा प्याद्याच्या चालीआधीची. काकांनी परत न येणाऱ्या चालीला दहा सेकंद दिले, आणि जिथे सुधारायला फारसं काही उरलं नव्हतं तिथे साडेतीन मिनिटं.

एक सावधगिरी मात्र हवी: काळा राजा ई६ वर असताना हडी५ करायचं नाही. काळा हत्ती घेईल, त्याचा हत्ती राजाच्या राखणीत राहील आणि आपल्याला तो मारताच येणार नाही. शनिवारी मांडताना घाईत मीच हे एकदा करून बसलो, आणि मागच्या बाकावरच्या सातवीतल्या मुलीने हात वर करून दाखवून दिलं. तिच्याबद्दल मला फार कौतुक वाटलं.

आमचा हा सगळा पट्टा सांगलीच्या परंपरेतला आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि सांगलीचं नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी इथल्या दोन-तीन पिढ्यांना पटासमोर बसवलं. काका लहानपणी वडिलांकडून खेळ शिकले, तो देशी पद्धतीचा. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही दोन घरं उडी मारत नसे, एकेकच घर चालायचं. त्या शनिवारी चर्चा संपत आली तेव्हा काकांना ते आठवलं. म्हणाले, वडील प्याद्याला हात लावण्याआधी नेहमी तंबाखू मळायला घ्यायचे, आणि आम्हा मुलांना तो वेळ वाया जातोय असं वाटायचं.

हॉल बंद करायची वेळ झाली होती. मी खुर्च्या लावत होतो. काकांनी आपल्या कागदावर ४६ व्या चालीभोवती पेनने गोल काढला, कागद घडी करून खिशात ठेवला, आणि मग पटावर पाच सोंगट्या परत मांडल्या. पांढरा राजा सी४, हत्ती एच५, काळा राजा ई७, हत्ती डी६. प्यादं त्यांनी सवयीने डी४ वर ठेवलं, क्षणभर बघितलं, आणि बोटाच्या टोकाने एक घर मागे ओढून डी३ वर आणलं.

"बस," ते मुलाला म्हणाले. "आता पांढरा तू घे. मी हत्ती बदलणार नाही, बघू कसा जिंकतोस."